जुन्या जाहीर नोटिशीत पणजोबांचे वारस सहा, आम्हाला माहिती पाचच

कोरेगावचा_पणतू
नमस्कार मंडळी, आईच्या जुन्या ट्रंकेच्या तळाला पेपर घातलेला होता तो बदलायला काढला तर त्यात एक कात्रण नीट घडी करून ठेवलेलं मिळालं, १९५८ ची कोर्टाची जाहीर नोटीस, आमच्या पणजोबांच्या वारस दाखल्याची. वर "उत्तर सातारा" लिहिलंय, ते काय प्रकरण आहे तेही माहीत नाही. "ज्याअर्थी अर्जदार यांनी..." वगैरे नेहमीची भाषा आणि खाली वारसांची यादी. विधवा वय ४५, मुलगे २६, १९ आणि १४ (१४ वाल्यापुढे अ. पा. क. आई असं काहीतरी), मुली दोन, एक २२ आणि एक ३७. २२ वाली म्हणजे आमची आत्याआजी, तिला मी पाहिलंय. पण ही ३७ वाली कोण? नवऱ्याचं आडनाव लावलंय आणि पुढे रा. बडोदे. घरात कोणाच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नाही. कोर्टाच्या कारकुनाने चुकून दुसऱ्या केसमधलं नाव घातलं असेल का? आणि यावरून पुढे मागे काय शोधता येईल?

वकिलीणबाई
चुकून नाही हो. वयं परत वाचा ना. विधवा ४५ आणि मुलगी ३७, म्हणजे आठव्या वर्षी बाळंतपण? ही तुमच्या पणजीची मुलगी नाहीच, पणजोबांची पहिली बायको असणार आणि ती गेल्यावर तुमची पणजी आली असणार. वयं तेव्हा अंदाजेच सांगायचे हे खरं, पण अंदाज दोन-चार वर्षं चुकतो, दहा-बारा नाही.

अजून एक. नोटिशीत मृत्यूची तारीख असेल ती सांगा. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला, त्याच्या आधी माणूस गेला असता तर मुलगे असताना मुलींची नावं वारस म्हणून सहसा आलीच नसती. विधवेला १९३७ च्या कायद्याने हयातीपुरता हिस्सा होता, मुलींना तोही नाही. त्यामुळे जुन्या नोटिशीत फक्त मुलगेच दिसले म्हणजे मुली नव्हत्याच असं समजू नका, कित्येक जणांचा वंशवृक्ष इथेच अर्धा राहतो.

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. धाकटा तेव्हा अज्ञान म्हणजे अल्पवयीन होता म्हणून आईने त्याच्यातर्फे सही केली, बाकी काही नाही.

कोरेगावचा_पणतू
बाप रे, वयांची वजाबाकी डोक्यातच आली नाही 😅 मृत्यू ११-१-१९५७ लिहिलाय.

खटावकर
मग जमलं की. उत्तर सातारा म्हणजे आत्ताचा सातारा जिल्हाच, दक्षिण सातारा म्हणजे सांगली, १९६० पर्यंत असंच होतं, त्यामुळे जुने कागद शोधताना गोंधळू नका.

आमचे वडील तलाठी होते त्यामुळे सांगतो, नोटीस ही फक्त सुरुवात आहे, खरा माल फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदीत. पणजोबांची जमीन असेल तर १९५७-५८ च्या सुमारास वारसाची नोंद झालीच असणार, आधी गाव नमुना ६ क म्हणजे वारस नोंदवही, मग नमुना ६ म्हणजे फेरफार. त्यात बहुतेक करून मुलग्यांची नावं कब्जेदारात आणि लग्न झालेल्या मुली "इतर हक्क" मध्ये ढकललेल्या असतात, किंवा थोरल्या मुलग्याचं नाव ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून. लोक सातबाऱ्याचा तो इतर हक्काचा रकाना वाचतच नाहीत आणि आमच्या घराण्यात बायकांची नोंदच नाही म्हणून रडतात. बडोद्याच्या आजींनी पुढे हक्कसोडपत्र दिलं असेल तर तेही दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत सापडेल, आणि त्यात त्यांचा तेव्हाचा पत्ता.

तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज करा, त्याआधी आपले अभिलेख साइटवर तुमच्या गावाचं स्कॅनिंग दिसतंय का बघा. फक्त जाताना आजचा गट नंबर घेऊन जाऊ नका, जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात नंबर बदलले. ९(३) ९(४) चा उतारा मागा, त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट समोरासमोर असतो. नाहीतर माझ्या मित्रासारखे चार चकरा मारून शेजाऱ्याच्या वावराचा इतिहास घेऊन याल.

नैरोबी_रिटर्न
थोडं अवांतर, पण कोणाचे पूर्वज बाहेर गेले असतील तर उपयोगी. आमचे चुलत पणजोबा नोकरीला केनियात होते आणि तिकडेच वारले, एवढंच घरात माहीत होतं. केनिया गॅझेटचे, म्हणजे तिथल्या सरकारी राजपत्राचे जुने अंक स्कॅन होऊन नेटवर आलेत, त्यात इस्टेटीच्या नोटिसा असतात, मयताचं नाव, राहण्याचं गाव, मृत्यूची तारीख. आडनावाचं स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघितलं तेव्हा चौथ्याला सापडले. इंग्लंडात वारलेल्यांसाठी तसंच लंडन गॅझेट आहे, तिथे तर धंदासुद्धा लिहिलेला असतो.

वकिलीणबाई
@कोरेगावचा_पणतू पहिल्या पणजीचं नाव कोर्टाच्या मूळ अर्जात मिळू शकेल, पण इतकी जुनी फाईल बऱ्याचदा नष्ट केलेली असते. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तुमच्या उपाध्यायांच्या वह्या बघा, बायको गेल्यावर कोणी क्रियाकर्माला गेलं असेल तर तिथे नाव लागलेलं असतं. आणि तो १४ वर्षांचा धाकटा आहे का हो अजून?

कोरेगावचा_पणतू
आहेत! धाकटे आजोबा, ऐंशी पार. काल रात्री फोन लावला आणि बडोद्याचं नाव घेतलं तर जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अक्का? अरे तिनंच तर मला मॅट्रिकपर्यंत तिकडं ठेवून घेतलं होतं." मग म्हणे आमच्या आईला, म्हणजे पणजीला, ते आवडायचं नाही म्हणून घरात तिचा विषय निघायचा नाही. रविवारी जातोय त्यांच्याकडे, कात्रण घेऊन. फेरफाराचा अर्ज सोमवारी टाकतो.