बेसची नेक जाड आहे की रुंद? पहिल्या चार फ्रेटवर अंगठा दुखतो

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. चार तारांचा बेस गिटार आहे, फेंडरच्या प्रिसिजन मॉडेलच्या धर्तीवरचा, 34 इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), नेकवर म्हणजे दांड्यावर 20 फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या). माझा पंजा लहान: मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 17 सेंमी. पहिल्या चार फ्रेटवर वाजवलं की अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. सातव्याच्या पुढं काही त्रास नाही.

एप्रिलात भीमजयंतीचे कार्यक्रम आहेत, उभ्यानं तीन-तीन तास वाजवायचं. कुणी म्हणतं जाझ बेस घे, त्याची नेक पातळ असते. कुणी म्हणतं सरळ 30 इंची शॉर्ट स्केल घे. इथं दुकानात चार बेस हातात घेऊन ताडून बघायची सोय नाही, म्हणून आकड्यांवरच ठरवायचंय. जाडी, रुंदी, पाठीचा आकार, यातलं हाताला नक्की काय लागतं? आणि आहे तीच नेक सुताराकडून तासून घेतली तर?

मंद्र_सप्तक

जाझ बेसची नेक पातळ असेलच असं नाही, ती नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथं) अरुंद असते. फेंडरचा प्रिसिजन 1951 चा, जाझ 1960 चा. जाझचा नट 38.1 मिमी, आजच्या बहुतेक प्रिसिजनचा 41.3, जुन्या काहींचा 44.5. जाडी मात्र दोन्हींची जवळपास सारखी निघू शकते. खरंच पातळ हवी तर आयबानेझ एसआर बघा: चार तारांच्या एसआर 300 ला नट 38, पहिल्या फ्रेटपाशी जाडी 19.5, बाराव्यापाशी 21.5.

रुंदीचा त्रास इ तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर होतो. नेक रुंद असली की बोटं तिथवर न्यायला मनगट पुढं काढून वाकवावं लागतं, आणि वाकलेल्या मनगटानं दाबायचं म्हणजे अंगठ्यावर जोर आला. 41 वरून 38 वर आलात तर तारांमधलं अंतर जेमतेम एकेक मिमीनं कमी होतं, पण लहान पंजाला तेवढं कळतं. हा फायदा खालच्या, म्हणजे नटजवळच्या फ्रेटपुरताच. ब्रिजवर (बॉडीकडं तारा टेकतात तिथं) दोन्हींच्या तारा साधारण 19 मिमी अंतरानंच असतात, म्हणून बाराव्या फ्रेटशी दोन्ही नेक सारख्याच वाटतात.

जाडीचं उलटसुलट आहे. जाड नेकला अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ताणते. फार पातळ असली तर हात गरजेपेक्षा जास्त मिटतो, अंगठ्याला टेकायला भरीव काही मिळत नाही आणि तो चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो. लांब बोटांच्या माणसाचा हात पातळ नेकवर लवकर आखडतो. तुमच्या पंजाला 20-21 मिमी बरी जाईल, पण "जितकी पातळ तितकी चांगली" हे डोक्यातून काढा.

आकार मात्र लोक विसरतात. दोन नेक 21 मिमीच्या असल्या तरी एकीचे खांदे, म्हणजे फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडेखालची बाजू, भरलेले असतील आणि दुसरीचे उतरवलेले, तर पहिली सरळ सरळ जाड वाटते. डी आणि यू आकारात खांदे भरलेले असतात, सी मध्ये गोल उतरतात. व्ही आकाराला मधोमध कणा असतो. अंगठा वरून काढून वाजवणाऱ्याला तो सोयीचा, पाठीमागं मधोमध ठेवणाऱ्याला टोचतो.

आकार कागदावर घ्यायचा तर दीड-दोन मिमी जाडीची सोल्डरिंगची तार पहिल्या फ्रेटपाशी नेकच्या पाठीवर दाबून बसवा, न वाकवता काढा, आलेख कागदावर ठेवून आतल्या कडेनं पेन्सिल फिरवा. बाराव्यापाशी तेच. जाडी मोजताना व्हर्नियर कॅलिपरचा जबडा दोन तारांच्या मधून लाकडावर टेकवा, फ्रेटवर नको, नाहीतर एखादा मिमी वाढीव येतो. व्हर्नियर नसेल तर एमआयडीसीत कुठल्याही टर्नरकडं मिळेल. हा कागद खिशात घालून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जा, तिथल्या दुकानात ताडून बघा. "स्लिम सी" वगैरे छापील नावं प्रत्येक कंपनीची आपापली असतात, त्यावर पैसे टाकू नका.

खर्जातला_खर्ज

मंद्र सरांचं बरोबर आहे, पण दादा, तुमचं दुखणं पहिल्या चार फ्रेटवरच आहे ना? मग रुंदीच्या आधी लांबी बघा. 34 इंच स्केलवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत 130 मिमी अंतर आहे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तेच 103. तुमचा हात वर का दुखत नाही ते इथंच दिसतं.

30 इंचीवर हे 130 चं 114 होतं. नट बदलून 3 मिमी वाचतात, स्केल बदलून 16. पण शॉर्ट स्केलवर त्याच जाडीच्या तारा ढिल्या पडतात, इ तार जोरात छेडली की फडफडते, आणि शॉर्ट स्केलच्या तारा वेगळ्या मागवाव्या लागतात.

फुकटातला उपाय म्हणजे खाली एका फ्रेटला एक बोट हा हट्ट सोडणं. डबल बेसवाले पूर्वापार पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. तिसरं चौथ्याला नुसता आधार देतं. मग हाताखाली तीनच फ्रेट येतात, पहिल्या ते तिसऱ्यात 89 मिमी. चौथ्या फ्रेटचा स्वर आला की अख्खा हात अंगठ्यासकट सरकवायचा, अंगठा जागी रोवून करंगळी ताणायची नाही. पाचव्या फ्रेटच्या पुढं हवं तर चार बोटं.

पट्टाही बघा. बसून वाजवताना बेस जिथं असतो तिथंच उभ्यानं यायला हवा. खाली लोंबकळला की मनगट दुमडलंच. हात सोडल्यावर हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) खाली जात असेल तर डावा हात तीन तास नेकचं ओझं उचलतोय आणि बोल मात्र जाडीला लागतोय. आतून खरखरीत चामड्याचा, आठ-दहा सेंमी रुंद पट्टा घ्या, खांद्यावरून घसरत नाही.

रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर मात्र नेकचा नाद सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

कानस_आणि_काडी

सुताराकडं नेऊ नका. नेकच्या आत ट्रस रॉडची (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईची) खाच असते आणि तिच्यामागं किती लाकूड उरलंय ते बाहेरून दिसत नाही. शिवाय नेक बारीक झाली की ताठपणा जातो, हवा बदलली की जास्त हलते. पाठ घामानं चिकटत असेल तर तेवढं करता येतं: फिंगरबोर्डच्या कडा मास्किंग टेपनं झाका, 1000 नंबरच्या पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं हलक्या हातानं चकाकी घालवा. लाकूड लागेपर्यंत घासायचं नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढ्यानंही हात मोकळा सरकतो.

त्याआधी तीन मापं घेऊन इथं टाका. बेस सुरात लावलेला असावा. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो.

एक, नेकचा बाक. इ तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला जुळते तिथल्या फ्रेटवर दाबून धरा, आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. 0.3 मिमीच्या आसपास हवी. दोन, नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवरची फट बघा. 0.1 ते 0.2 पुरे, म्हणजे झेरॉक्सचा एखाद-दुसरा कागद. तीन, 17 व्या फ्रेटवर मोकळ्या तारेची उंची: इ ला 2.4, जी ला (सगळ्यात बारीक तार) 2 मिमी.

जुळे_सोलापूर

मंडळी, आभार. मापं अशी: नट 42, पहिल्या फ्रेटपाशी जाडी 21.5. बाक 0.5. नटपाशी इ तारेखाली 0.6 ची पट्टी आरामात जाते, जी खाली 0.4. 17 व्या फ्रेटवर इ 3.2. तारा 45-105 (जाडी, इंचाच्या हजारांशात). फ्रेटची टोकंही कडेला टोचतात.

मंद्र_सप्तक

जाडी 21.5 म्हणजे काही जाड नव्हे. नवीन बेसचे पैसे तूर्त राहू द्या.

कानस_आणि_काडी

तुमचा नट उंच आहे. पहिल्या फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो तो त्यामुळं. बाराव्यापाशी नटची उंची जाणवत नाही.

क्रम चुकवू नका. आधी ट्रस रॉड. किल्ली इंची आहे की मिमीतली ते बघा, ढिली किल्ली घातली तर षटकोन गोल होतो आणि मग काम महागात जातं. तारा थोड्या सैल करा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक अष्टमांश फेरा, परत सुरात लावा, मोजा. 0.3 आलं की थांबा. जोर लावूनही फिरत नसेल तर हात काढा.

मग नट. एक आणि दोन नंबरच्या फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा, तिच्याखाली फिलरच्या पात्यांनी फ्रेटची उंची मोजा, त्यात 0.3 मिळवा. तेवढी पाती एकावर एक नटला चिकटवून फिंगरबोर्डवर ठेवा. कानस पात्यांना टेकली की खाच पुरी झाली. इ ची तार 105 म्हणजे 2.67 मिमी, जी ची 1.14, कानस तारेपेक्षा किंचित रुंद हवी, नाहीतर तार अडकते आणि सूर लावताना टकटक वाजते. कानशीचा उतार हेडस्टॉककडं ठेवा, तार नटच्या फिंगरबोर्डकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. मागं टेकली तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. खाच जास्त खोल गेली तर हाडाची भुकटी भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकतात, पण ती मलमपट्टी; नवीन नटच बरा.

शेवटी ब्रिजच्या सॅडलनं (तार टेकते त्या तुकड्यानं) उंची उतरवा. कार्यक्रमात जोरात छेडत असाल तर इ 2.4 च्या खाली नेऊ नका, फ्रेटवर खडखडेल.

टोकं टोचतात ती कोरड्या हवेनं. लाकूड आडवं आकसतं, फ्रेटचा धातू तेवढाच राहतो. मार्च-एप्रिलातच बारीक सपाट कानशीनं ती कडेशी सारखी करून घ्या. पावसाळ्यात केलीत तर उन्हाळ्यात पुन्हा बाहेर येतील.

तारा बदलायची वेळ आली की 40-100 लावा. ताण कमी झाला की बाकही कमी होतो, तेव्हा ट्रस रॉड परत तपासायचा आणि लागलाच तर किंचित सैल करायचा.