‘हुमिलितास’ : नम्रता, लीनता की दैन्य?

पारवा : संत बेनेडिक्ट यांनी इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या ख्रिस्ती मठासाठी सन ५४०च्या सुमारास लिहिलेल्या नियमावलीचं सातवं प्रकरण लॅटिनमधून मराठीत आणताना अडलंय. त्यात ‘हुमिलितास’च्या, म्हणजे स्वतःला लहान मानण्याच्या, १२ पायऱ्या आहेत. बाराव्या पायरीला ‘नम्रता’ चालून जातं : कामावर, बागेत, वाटेत, शेतात, सगळीकडे मान खाली, नजर जमिनीवर. पण सातवीला आपण सगळ्यांहून हलके आहोत असं नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही, ते मनातून पटावं लागतं. तिथे ‘नम्रता’ वरवरची वाटते. ‘दैन्य’ घेऊ का?

कोरांटी : दैन्य नको. त्यात परिस्थितीनं आलेली लाचारी आहे, इथे तर माणूस स्वखुशीनं मठात आलाय. मराठी बायबलात शब्द रुळलेला आहे : ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे.’ लीनता घ्या.

तळटीप : लीन म्हणजे मुळात विरून गेलेला. लॅटिन शब्दाचं नातं ‘हुमुस’शी, म्हणजे मातीशी. तिथे मातीलगत राहणं आहे, विरणं नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायातलं ‘अमानित्व’ जास्त नेमकं. ज्ञानेश्वरांनी ते सविस्तर उलगडलंय.

कोरांटी : आज किती जण अमानित्व म्हणतात? व्युत्पत्ती बरोबर आणि वाचक अडला, असा अनुवाद काय कामाचा? चर्चमध्ये पिढ्यान् पिढ्या ‘लीन’ ऐकलेल्यांना मातीची आठवण करून द्यायची गरज नाही.

उंबरठा : पारवा, आधी ‘आज्ञापालन’ सोडवा. पाचवं प्रकरण म्हणतं, हुमिलितासची पहिली पायरी म्हणजे विनाविलंब आज्ञापालन. सातव्यात पहिली पायरी ईश्वराचं भय, आणि वरिष्ठाच्या अधीन होणं थेट तिसरीवर. दोन्हीकडे मूळ शब्द ‘ग्रादुस’च (पायरी), म्हणून ‘पायरी’ हा शब्द बदलू नका. मात्र आज्ञापालनाला कवायतीचा वास येतो. ‘ओबोएदिरे’ (आज्ञा पाळणं) या लॅटिन शब्दात ‘आउदिरे’, म्हणजे ऐकणं आहे आणि नियमावलीचा पहिला शब्दच ‘ऐक’. मराठीत ‘तो आईचं ऐकतो’ यात दोन्ही अर्थ आपसूक येतात.

तळटीप : ‘ऐकणं’ सैल आहे. ऐकलं आणि केलं नाही, असंही होतं. प्रकरण ६८ बघा. झेपणार नाही असं काम सांगितलं, तर आधी ते शांतपणे घ्यायचं. अगदीच आवाक्याबाहेर दिसलं, तर योग्य वेळ बघून, ताठा न दाखवता अडचण सांगायची. तरीही वरिष्ठ ठाम राहिले, तर देवावर भार टाकून करायचं. इथे तिन्ही टप्प्यांना ‘ऐकणं’ लावलं की शेवटचा निसटतो.

कोरांटी : ‘मुर्मुरात्सियो’ला काय घेतलंत? कुरकूर ना? काम हातून झालं पण मनात कुरकूर राहिली, तर पाचव्या प्रकरणाच्या हिशेबी ते आज्ञापालनच नव्हे. ‘तक्रार’ अजिबात नको, तक्रार रीतसर असते. बेनेडिक्टना कुरकुरीची इतकी धास्ती, की स्वयंपाकघरात आठवड्याची पाळी असलेल्यांना जेवणाच्या तासभर आधी ठरल्या वाट्याहून जास्तीची भाकरी आणि पेय द्यायला सांगितलंय. उपाशीपोटी वाढणारा कुरकुरणारच, हे त्यांनी ओळखलं होतं.

पारवा : कुरकूरच घेतलंय. प्रस्तावनेत आज्ञापालनाची वाळक्या काठीची गोष्ट घालतोय : गुरूनं काठी रोवून पाणी घालायला सांगितलं, शिष्यानं तीन वर्षं घातलं, काठीला फळं आली.

उंबरठा : ती ‘वाळवंटातल्या वडीलधाऱ्यां’च्या, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती साधूंच्या वचनांतली, ‘ठेंगणा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योहानाची. बेनेडिक्टच्या आधीचा मठजीवनावरचा लेखक कासियान, त्याच्याकडे इजिप्तमधल्या लायकोपोलिसचा योहान आहे. तो वर्षभर रोज दोनदा पाणी घालतो, तेही सुमारे दोन मैलांवरून आणून. काठीला काहीच येत नाही. शेवटी गुरू ती उपटून फेकतो. दोन्ही योहान, म्हणून गल्लत होते. प्रस्तावनेत कासियानची घ्या. फळ आलं की वाचक चमत्कार बघतो, पाणी घालणं विसरतो.

तळटीप : असहमत. पहिल्या गोष्टीत गुरू ती फळं चर्चमध्ये नेऊन सोबतच्या साधूंना ‘आज्ञापालनाचं फळ’ म्हणून वाटतो. गोष्टीचा जीव तिथे आहे, तो काढून काय उरतं?