ज्यूंच्या गाड्यांपायी हिटलर युद्ध हरला?

रानपाखरू
माझं म्हणणं सरळ आहे. पूर्व आघाडीवर सैन्य मेटाकुटीला आलेलं, आणि हा माणूस आगगाड्या जुंपतोय ज्यूंना मारायला न्यायला! १९४४ मध्ये तर रशियन फौजा जवळ येत असताना हंगेरीतून आठ आठवड्यांत १४७ गाड्या, सुमारे ४,३७,००० माणसं, बहुतेक सगळी आउशवित्झच्या मृत्युछावणीत. द्वेषापायी युद्ध घालवलं. निव्वळ वेडेपणा.

खडूसकाका
वेडेपणा म्हटलं की पुढे काही बघायला नको, नाही का? १४७ भागिले ५६ दिवस करा. रोजच्या तीनही गाड्या होत नाहीत. जर्मन रेल्वे दिवसाला हजारो चालवत होती. आणि अडचण झाली की सैन्यालाच आधी मिळायच्या: डिसेंबर १९४२ च्या मध्यापासून ज्यूंच्या गाड्या महिनाभर बंद होत्या. जानेवारीत हिमलर, म्हणजे एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचा प्रमुख, रेल्वेच्या सचिवाला, गान्झेनम्युलरला, पत्र लिहून जास्त गाड्या मागतोय.

रानपाखरू
बरं, गाड्या सोडा. मजुरांचं काय? जुलै १९४२, पोलंडमधलं प्रझेमिस्ल. सैन्यासाठी राबणारे ज्यू एसएस उचलून नेणार म्हटल्यावर बाटेल नावाच्या लेफ्टनंटने सान नदीवरचा पूलच अडवला. हातचे कामगार मारू नका, हे त्यांच्याच सैन्यातला अधिकारी सांगत होता!

खडूसकाका
आणि पुढे? थोडी कुटुंबं त्याने लष्करी ट्रकमधून बाहेर काढली, हे मान्य. पण दुसऱ्याच दिवसापासून हजारोंना बेल्झेकच्या मृत्युछावणीत नेलंच. कामगार हवेत की ज्यू नकोत, यात त्यांनी काय निवडलं ते तुमच्याच उदाहरणात आहे. वेडा माणूस हिशेब ठेवत नाही हो. इथे रेल्वे एसएसकडून तिसऱ्या वर्गाचं, फक्त जाण्याचं भाडं घेत होती. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चारच्या आतली फुकट. चारशेच्या वर माणसं असली की घाऊक सवलत! गुरांच्या डब्यात कोंबून, आणि भाडं तिसऱ्या वर्गाचं.

मोगरा
मध्येच बोलते. ते पैसेही ज्यूंच्याच जप्त मालमत्तेतून भरले जायचे. ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत तर खोटं स्टेशन उभारलं होतं, त्यावरचं घड्याळसुद्धा नुसतं रंगवलेलं. गाडीतून उतरणाऱ्याला वाटावं, पुढची गाडी इथूनच पकडायची आहे. हे सुचायला डोकं थंडच लागतं.

रानपाखरू
अर्धं तिकीट वाचून अंगावर काटा आला. वेडेपणा हा शब्द आणि गाड्यांचा मुद्दा मागे घेतो. मजुरांचा नाही घेत.