मदत हवी आहे : डबली लिंक्ड लिस्टमध्ये सुलट छापताना १५ थांबत नाही, उलट छापताना १५ दिसत नाही

कच्चा_धागा:
जावामध्ये डबली लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोडला, म्हणजे गाठीला, मागची आणि पुढची गाठ माहीत असते अशी यादी) हाताने लिहायची आहे, तयार लायब्ररी चालणार नाही. नोड या क्लासमध्ये मूल्य, मागचा, पुढचा. यादी या क्लासमध्ये हेड (पहिला नोड), टेल (शेवटचा नोड), आकार. कळायला सोपं जावं म्हणून कोड इथे मराठीत उतरवला आहे.

१०, २०, ३० अशी यादी आहे. १० च्या नंतर १५ घालायचा आहे ('गाठ' म्हणजे १० चा नोड):

गाठ.पुढचा = नवा;
नवा.मागचा = गाठ;
नवा.पुढचा = गाठ.पुढचा;
नवा.पुढचा.मागचा = नवा;

हेडपासून छापलं की १०, १५, १५, १५... प्रोग्राम बंद करावा लागतो. टेलकडून छापलं की ३०, २०, १०. १५ चा पत्ताच नाही!

काढण्याचा कोड:

गाठ.मागचा.पुढचा = गाठ.पुढचा;
गाठ.पुढचा.मागचा = गाठ.मागचा;
आकार--;

मधला नोड नीट निघतो. पहिला किंवा शेवटचा काढताना नल पॉइंटर एक्सेप्शन (नल म्हणजे काहीच नाही, त्याचा मागचा-पुढचा मागितला की येणारी एरर) यायचं, म्हणून ट्राय-कॅच (एरर पकडून पुढे जाणारा कोड) घातलं. आता एरर येत नाही, पण ३० काढल्यावर सुलट यादीत तो नसतो आणि उलट यादीत असतो.

आणखी एक विचित्र गोष्ट: मूल्य देऊन काढताना २० निघतो, पण २०० घातला तर तो सापडतच नाही. कोड तोच आहे.

उलटसुलट:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पहिल्याच ओळीत आहे. कागदावर तीन चौकोन काढा आणि एकेक ओळ चालवून बघा.

ओळ १: १० चा पुढचा आता १५. २० कडे जाणारा बाण इथेच हरवला.
ओळ २: १५ चा मागचा १०. ठीक.
ओळ ३: १५ चा पुढचा = १० चा पुढचा. पण तो तर आत्ताच १५ झालाय! म्हणजे १५ स्वतःकडेच बोट दाखवतोय.
ओळ ४: १५ च्या पुढच्याचा मागचा, म्हणजे १५ चाच मागचा, १५. ओळ २ मध्ये बरोबर लावलेला बाणही गेला.

२० चा मागचा कुणी बदललाच नाही, तो अजून १० आहे. म्हणून उलट यादी धडधाकट दिसते.

आधी नव्या नोडचे दोन्ही हात धरायचे, मग शेजाऱ्यांचे सोडवायचे:

नवा.मागचा = गाठ;
नवा.पुढचा = गाठ.पुढचा;
जर (गाठ.पुढचा == नल) टेल = नवा; नाहीतर गाठ.पुढचा.मागचा = नवा;
गाठ.पुढचा = नवा;
आकार++;

पहिल्या दोन ओळी कुठल्याही क्रमाने चालतील. 'गाठ.पुढचा = नवा' मात्र बाणांच्या ओळींत सगळ्यात शेवटी. टेलची तपासणी तुमच्या कोडमध्ये नव्हतीच, त्यामुळे ३० च्या नंतर काही घातलं असतं तरी टेल ३० वरच राहिला असता.

रिकामी_जागा:
ते ट्राय-कॅच आधी काढून टाका. त्याने चूक गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली.

३० काढताना पहिली ओळ व्यवस्थित चालते: २० चा पुढचा नल होतो. दुसऱ्या ओळीत ३० चा पुढचाच नल, त्यामुळे एक्सेप्शन. पुढची 'आकार--' चालतच नाही आणि टेल ३० वर तसाच. म्हणजे काम अर्धवट झालंय: सुलट यादी दोनची, उलट यादी तीनची आणि आकार म्हणतो तीन. पहिला नोड काढताना पहिल्याच ओळीत गाडी अडते, म्हणून तिथे काहीच बदलत नाही.

अ = गाठ.मागचा;
ब = गाठ.पुढचा;
जर (अ == नल) हेड = ब; नाहीतर अ.पुढचा = ब;
जर (ब == नल) टेल = अ; नाहीतर ब.मागचा = अ;
आकार--;

एकच नोड असेल तर अ आणि ब दोन्ही नल, हेड-टेल दोन्ही आपोआप नल होतात. त्यासाठी वेगळा 'जर' लिहू नका. बरेच जण लिहितात आणि त्यातच टेल विसरतात.

दोन_बरोबर:
२०० चं कोडं. तुम्ही 'गाठ.मूल्य == शोध' असं लिहिलं असणार. मूल्य इंटीजर ऑब्जेक्ट असेल तर == आकडे जुळवत नाही, दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का एवढंच बघतं. जावा −१२८ ते १२७ पर्यंतचे इंटीजर तयार ठेवून तेच पुन्हा पुन्हा देते, म्हणून २० जुळतो. २०० साठी साधारणपणे दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनतो. ऑब्जेक्ट्स.इक्वल्स(गाठ.मूल्य, शोध) वापरा, मूल्य नल असलं तरी कोलमडत नाही. स्ट्रिंगचंही तेच: कोडमध्ये लिहिलेल्या जुळतात, कीबोर्डवरून वाचलेल्या जुळत नाहीत.

नोड हा क्लास यादीच्या आत लिहिला असेल तर त्याला स्टॅटिक करा. नाहीतर प्रत्येक नोड आपल्या यादीचा एक छुपा रेफरन्स (बाण) बाळगतो. ६४ बिट हॉटस्पॉटवर (जावाचे प्रोग्राम चालवणारं नेहमीचं व्हर्च्युअल मशीन), कॉम्प्रेस्ड पॉइंटर (रेफरन्स ८ ऐवजी ४ बाइटमध्ये ठेवणं) चालू असताना, नोडचं माप १२ बाइट हेडर आणि ४ बाइटचे तीन रेफरन्स मिळून २४ बाइट. छुपा धरला की २८, आणि ८ च्या पटीत न्यायचं म्हणून ३२. (वापर नसेल तर जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) १८ पासूनचा कंपायलर तो गाळतो, पण त्यावर विसंबू नये.) हेड आणि टेल मात्र चुकूनही स्टॅटिक करू नका, सगळ्या याद्यांची एकच यादी होईल.

कच्चा_धागा:
== च होतं! दुरुस्त केलं, २०० निघतो. हे सगळे 'जर' टाळायला दोन्ही टोकांना खोटे नोड ठेवतात असं वाचलं. ठेवू का?

उलटसुलट:
माझ्या मते ठेवा. रिकाम्या यादीत खोटा हेड आणि खोटा टेल एकमेकांना जोडलेले. मग प्रत्येक खऱ्या नोडला दोन्ही बाजूंना शेजारी असतोच आणि तुमचा मूळचा दोन ओळींचा काढण्याचा कोड जसाच्या तसा चालतो. दोन पथ्यं: छापताना सुरुवात हेड.पुढचा पासून आणि थांबायचं नलवर नाही, टेलवर. आणि 'पहिला काढ' मध्ये आधी आकार शून्य आहे का बघा, नाहीतर खोटा टेलच उपटला जाईल.

रिकामी_जागा:
मी नलच्या बाजूने. जावाच्या स्वतःच्या लिंक्डलिस्टमध्ये जेडीके ६ पर्यंत एक खोटा नोड आणि गोल साखळी होती, ७ पासून दोन टोकं आणि नल. रिकाम्या यादीला एकही नोड लागत नाही. पण शिकताना खोटे नोड सोपे, हे मान्य.

काढलेल्या नोडचे बाण नल करणार असाल तर लूप सांभाळा. गाठ.पुढचा नल केला आणि नंतर 'गाठ = गाठ.पुढचा' म्हटलं की पहिला नोड काढल्यावरच लूप संपतो. आधी पुढचा बाजूला ठेवा, मग काढा.

दोन_बरोबर:
आणि नोडची टूस्ट्रिंग (ऑब्जेक्ट छापताना त्याचा मजकूर देणारी मेथड) आयडीईकडून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडून) तयार करून घेऊ नका. १० आपला पुढचा छापायला २० ला सांगतो, २० आपला मागचा छापायला १० ला, शेवटी स्टॅक ओव्हरफ्लो (न संपणाऱ्या हाकांनी जागा संपल्याची एरर). तिच्यात फक्त मूल्य छापा.

तपासणीसाठी छोटी मेथड लिहा: हेडपासून चालताना प्रत्येक गाठीला 'गाठ.पुढचा.मागचा == गाठ' आहे का (शेवटची सोडून; इथे == च हवं), मोजणी आकाराएवढी आहे का, आणि शेवटची गाठ टेलच आहे का. मोजणी आकाराच्या पुढे गेली की लगेच थांबवा, म्हणजे १५, १५, १५ होणार नाही.

कच्चा_धागा:
मेथड लिहिली. ०, १, २ आणि ३ नोडच्या याद्यांवर पहिला, मधला, शेवटचा घालून-काढून पाहिला. एकाच ठिकाणी अडलं: रिकाम्या यादीत पहिला नोड घालताना टेल नलच राहत होता. 'जर (हेड == नल) हेड = टेल = नवा' केल्यावर तेही जुळलं. सध्या नलवालाच कोड ठेवतोय.