शब्दचर्चा: प्रेफरन्स शेअर ‘रद्द’ करणे

कर्वेनगरी
आमच्या गुंतवणूकदार मंडळाचं एक चारपानी मराठी पत्रक निघतं. वाचक बहुतेक बँकेतून, एलआयसीतून, शाळांतून निवृत्त झालेले. येत्या अंकात ब्रिटनच्या अविवा या विमा कंपनीचं २०१८ सालचं प्रकरण घेतलंय. मथळा केला होता : ‘अविवा अधिमान्य भाग रद्द करणार; भागधारक संतप्त’. कच्चा मसुदा वाचून एका काकांचा फोन आला, “म्हणजे त्यांचे पैसे बुडाले का हो?” बुडाले नव्हते. मग ‘रद्द’ चुकतंय का? आणि ‘अधिमान्य’ कुणाला तरी कळतं का?

वाणिज्यवाल्या बाई
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, तो सोपा आहे. मराठी माध्यमाची कॉमर्सची मुलं ‘समहक्क भाग’ (साधे, इक्विटी शेअर) आणि ‘अग्रहक्क भाग’ असंच शिकतात. अधिमान्य हा सरकारी कागदावरचा शब्द. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी मान्यता दिलीय. अग्रहक्कात निदान ‘आधी’ हे ऐकू येतं. लाभांश आधी, कंपनी गुंडाळली तर भांडवलही आधी. बदल्यात एरवी मत नाही. पत्रकात पहिल्यांदा ‘अग्रहक्क भाग (प्रेफरन्स शेअर)’ लिहा, पुढे नुसतं प्रेफरन्स शेअर चालेल. ब्रोकरकडे जाऊन ‘अग्रहक्क भाग दाखवा’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

डेक्कन जिमखाना
भाग, भागधारक हे शब्दच आता काढा. शेअर म्हणा, शेअरहोल्डर म्हणा. पुण्यात आजोबा नातवाशी बोलतानाही शेअरच म्हणतात.

वाणिज्यवाल्या बाई
शेअर म्हणा, पण ‘भागधारक संतप्त’ मधला भागधारक राहू द्या. वर्तमानपत्रांनी तो रुळवलाय.

हिशेबनीस
‘रद्द’कडे वळू. गुंता तिथेच आहे. अविवाने ८ मार्च २०१८ला निकालांबरोबर सूचित केलं की ४५ कोटी पौंडांचे प्रेफरन्स शेअर आम्ही दर्शनी किमतीला, म्हणजे शेअरवर लिहिलेल्या मूळ किमतीला, मोडीत काढू शकतो. त्यात अविवाचे स्वतःचे वर्षाला ८.७५ आणि ८.३७५ टक्के ठरावीक लाभांशाचे होते, आणि तिच्या जनरल अ‍ॅक्सिडेंट या कंपनीचेही. दर्शनी किंमत १ पौंड. व्याजदर पडलेले, त्यामुळे बाजारात तोच कागद दीडपटीहून जास्त भावाला जात होता. आता धरा, एखाद्याने १.७५ पौंडांना घेतला. वर्षाला पावणेनऊ पेन्स, म्हणजे ५ टक्के सुटतात. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं? आणि कंपनी म्हणते, हा घ्या १ पौंड. ७५ पेन्स गेले, वर ते उत्पन्नही थांबलं.

म्हणजे काकांची शंका अगदीच बिनबुडाची नाही. मुद्दल परत मिळणार होतं, पण कंपनीने घेतलेलं मुद्दल; गुंतवणूकदाराने बाजारात मोजलेलं नव्हे. ‘रद्द’ म्हटलं की सगळंच गेलं असं वाटतं, आणि ‘परतफेड’ म्हटलं की सगळं मिळालं असं. दोन्ही अर्धवट. मी लिहीन : ‘दर्शनी किमतीला गुंडाळणार’.

डेक्कन जिमखाना
पण ते शेअर तर ‘इररिडीमेबल’ होते ना? मग परत कसे करणार?

हिशेबनीस
लोक चिडले ते नेमके त्यावरच. नावातच ‘परतफेड नाही’ असं लिहिलेलं, लोकांनी ते कायमचं उत्पन्न म्हणून घेतलं. कंपनीने फेडीची वाट धरलीच नाही. तिने भांडवल कपातीचा, म्हणजे शेअरचे पैसे देऊन कंपनीचं भांडवलच कमी करण्याचा रस्ता दाखवला : सभेत ठराव, मग न्यायालयाची मंजुरी. ब्रिटनमध्ये त्याला आधार होता. हाउस ऑफ फ्रेझर या कंपनीच्या खटल्यात १९८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) म्हटलं होतं की भांडवल परत मिळण्यात ज्यांचा पहिला हक्क, त्यांना कपातीत पहिल्यांदा पैसे देऊन मोकळं करणं हा हक्काचा भंग नव्हे. तो हक्क पुरा करणंच आहे. म्हणून त्या वर्गाची वेगळी संमतीही लागत नाही.

कर्वेनगरी
म्हणजे अग्रहक्क असल्यामुळेच आधी बाहेर?

वाणिज्यवाल्या बाई
अहो, मानाचा पहिला कसबा गणपती मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असतो, म्हणून विसर्जनही त्याचंच पहिलं. यापेक्षा सोपं मला सांगता येणार नाही. फरक इतकाच की तिथे कुणी तक्रार करत नाही.

डेक्कन जिमखाना
हे पत्रकात छापा.

पेठेतला वकील
‘इररिडीमेबल’साठी कोशात ‘अविमोच्य’ सापडेल. कृपया वापरू नका. विमोचन म्हटलं की हिंदीतलं पुस्तक प्रकाशन आठवतं. मराठीत गहाण ‘सोडवतात’, कर्ज ‘फेडतात’, ऋण ‘फिटत’ नाही. ‘बिनफेडीचे शेअर’ म्हणा, माझ्या अशिलांना तो एका दमात कळतो.

दुसरं, वाचकांना सांगाच की आपल्याकडे असा कागद आता निघत नाही. १९८८च्या दुरुस्तीने बिनफेडीच्या प्रेफरन्स शेअरवर बंदी आली. २०१३च्या कंपनी कायद्यातलं ५५वं कलम म्हणतं, २० वर्षांच्या आत फेडायचेच. पायाभूत प्रकल्पांना काही अटींवर ३० वर्षांपर्यंत सवलत. शिवाय ४८व्या कलमाप्रमाणे एखाद्या वर्गाचे हक्क बदलायचे तर त्या वर्गाच्या तीन चतुर्थांशांची लेखी संमती किंवा त्यांचा वेगळा विशेष ठराव लागतो. सलग दोन वर्षं लाभांश थकला तर त्यांना सगळ्याच ठरावांवर मत मिळतं. नाहीतर आपले वाचक उगाच घाबरून घरातले कागद चाळत बसतील.

हिशेबनीस
झी एंटरटेनमेंटने २०१४ साली बोनस म्हणून ६ टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर दिले होते, ते टप्प्याटप्प्याने फेडले. तिथे ‘फेडले’ हाच शब्द चपखल बसतो, मुदत आधीच ठरलेली होती.

कर्वेनगरी
अविवाचा शेवट कसा लिहू? ‘निर्णय मागे घेतला’?

पेठेतला वकील
निर्णय झालाच नव्हता, नुसती शक्यता बोलून दाखवली होती. तेवढ्यानेही भाव कोसळला, गुंतवणूकदार तुटून पडले, आणि २३ मार्चला कंपनीने ‘बेत सोडला’. ‘योजना’सुद्धा फार ठाम वाटतं; बेतच. मधल्या पंधरवड्यात घाबरून विकलेल्यांसाठी पुढे सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांची तजवीज केली. तिला ‘नुकसानभरपाई’ म्हणू नका, कंपनीने चूक म्हणून दिली नाही, सद्भावना म्हणून दिली.

कर्वेनगरी
मथळा आता असा : ‘बिनफेडीचे शेअर दर्शनी किमतीला गुंडाळण्याचा बेत, अविवाचे भागधारक खवळले’. ‘संतप्त’ काढलं, ते मोर्च्याच्या बातमीतलं वाटत होतं. लांबी दोन ओळींत बसते, मोजून पाहिली.

डेक्कन जिमखाना
‘गुंडाळणे’ म्हणजे फसवणे असाही अर्थ होतो बरं का.

हिशेबनीस
होऊ दे की. ज्यांच्याकडे ते शेअर होते त्यांना विचारलंत तर ते हरकत घेणार नाहीत.