तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसले की रागच येतो, काय करू?

देवबागची सून:
नमस्कार मंडळी. फादरना विचारायचा धीर होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं घर देवबागला. पुढ्यात समुद्र, मागे कर्लीची खाडी. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात होडी फुटली. कर्ज काढून फायबरची नवी घेतली, तिचे हप्ते अजून चालू आहेत. मग गेल्या वर्षी पावसाळी बंदी उठली आणि ऐन हंगामात घोवाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. होडी पुतण्याकडे वाट्याने दिलीय. मी घरी पर्यटकांचं जेवणखाण बघते. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं. कष्टाचं रडगाणं नाही हो, कष्ट इथे कुणाला चुकलेत?

माझं दुखणं वेगळं आहे. ह्यांना तहान लागली तर ‘पाणी’ म्हणता येत नाही. माझं नाव घ्यायला जातात, ‘ती... ती...’ करतात आणि रडायला लागतात. पण संध्याकाळी तेर्स सुरू झाला की ‘नमो मारिये, कृपापूर्णे’ शेवटपर्यंत स्वच्छ. एक अक्षर अडत नाही! शेजारपाजारचे म्हणतात, बघ केवढा चमत्कार, देव आपल्या माणसाचीच परीक्षा बघतो. सासूबाई डोळे पुसतात. आणि मला जपमाळ भिरकावून द्यावीशी वाटते. इतक्या वर्षांचा संसार, आणि परत आलेल्या वाचेत माझ्या वाट्याला एक शब्द नाही? पवित्र मारियेवर जळायला लागलेय मी, खोटं कशाला बोलू.

चर्चमधली मिस्सा चुकवत नाही. पण तिथे बसून मनात नुसतं भांडण चालू असतं. असली प्रार्थना चालते का? की न केलेलीच बरी?

वसईवाला:
ताई, तक्रारीचा सूर मनात आला की समजा सैतान दार ठोठावतोय. क्रूस आनंदाने उचलावा. नऊ दिवसांची नोव्हेना करा, मन शांत होईल. प्रार्थनेत तुमची आठवण ठेवतो.

वॉर्डातली सिस्टर:
सिस्टर म्हणजे नर्स हं, मठातली नव्हे.

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढा. त्यांनी तुमच्यापेक्षा मारियेला जवळ केलं, असं काही झालेलं नाही. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची सूत्रं डाव्या बाजूला असतात, आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, म्हणून उजवा हात आणि वाचा पुष्कळदा एकदमच जातात. अशी वाचा जाण्याला अफेझिया म्हणतात. पण लहानपणापासून घोकलेलं पुष्कळदा वाचतं. प्रार्थना, एक ते दहा आकडे, वारांची नावं, गाणी. शिव्यासुद्धा! शब्द शोधून बोलणं वेगळं आणि तोंडात बसलेलं आपोआप येणं वेगळं. नाव अडतं तेव्हा ते रडतात ना? म्हणजे तुम्ही त्यांना पुरत्या आठवता, फक्त शब्द हाती लागत नाही.

आणि हे जे शिल्लक आहे त्याचा उपयोग करून घेता येतो. गाण्याच्या चालीवर छोटे शब्द म्हणून घ्यायचे. ‘पाणी दे’ला चाल लावा. पण आपल्या मनाने किती करणार, स्पीच थेरपी लागेलच. ओरोसला जिल्हा रुग्णालयात विचारा.

म्हातारो तांडेल:
गो बाय, राग येता तर येवंदे. देवाक ठावक नाय असा थोडाच आसा?

आता नीट मराठीत लिहितो. मी वेंगुर्ल्याचा, उभा जन्म दर्यावर गेला. वसईवाल्या भावाचं म्हणणं मला पटत नाही. तक्रार सैतानाची असती तर बायबलातल्या स्तोत्रांच्या पुस्तकात इतकी भरली असती का? 88 वं स्तोत्र काढून वाच. पहिल्यापासून गाऱ्हाणं, आणि शेवट थेट काळोखात. सांत्वनाची एक ओळ मागून चिकटवलेली नाही. नाहीतर बायबलातल्या ईयोबाचे मित्र घे, सगळं गमावून बसलेल्या त्या माणसाचे. सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी गप्प बसले तोवर भले होते, तोंड उघडलं आणि तुझ्या शेजाऱ्यांसारखे शहाणपण सांगू लागले. शेवटी देव रागावला तो मित्रांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. आपल्या तुकोबांनी विठोबाला काय कमी सुनावलं? भांडतं कोण, ज्याचं नातं आहे तोच.

मला स्वतःला आधार वाटतो तो बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या 27 व्या अध्यायाचा. तो ज्याने लिहिला त्याला दर्या ठाऊक होता. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला निघालेला, गलबतावर 276 माणसं, कितीतरी दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. रात्री खलाशी बुडीद, म्हणजे खोली मोजायचं वजन, टाकून बघतात, वीस वाव पाणी. थोडं पुढे पंधरा. म्हणजे खडक जवळ आला. तेव्हा त्यांनी काय केलं? मागच्या बाजूने चार नांगर सोडले आणि उजाडावं म्हणून प्रार्थना करत राहिले. बस्स. वादळ थांबवा असंही नाही. आणि पहाटे पौल सगळ्यांना सांगतो, आधी चार घास खा. गलबत शेवटी फुटलंच, ही गोष्ट लोक सांगत नाहीत. माणसं मात्र सगळी लागली किनाऱ्याला, कोणी पोहत, कोणी फळकुटावर.

तू जेवतेस ना वेळेवर? ते आधी सांग. आणि हप्त्याचं घरात कुढत बसू नकोस, तुमच्या पॅरिशमध्ये, चर्चच्या मंडळीत, बोल. तिथे ‘देव परीक्षा बघतो’ म्हणणारे असतात तसे गुपचूप तांदळाची पिशवी आणून ठेवणारेही असतात.

देवबागची सून:
सिस्टर, तुमचं वाचून हसू की रडू झालं. मागे मांजराने बांगडा पळवला तेव्हा ह्यांच्या तोंडून अख्खी शिवी आली होती! सासूबाईंनी ती कुणाला सांगितली नाही, चमत्कार तेवढा गावभर केला.

तांडेलकाका, जेवते, पण उभ्या उभ्या. 88 वं स्तोत्र आज तेर्सानंतर मोठ्याने वाचणार आहे. सासूबाईंना आवडायचं नाही, बघू. ‘पाणी दे’ला लादिनीची, म्हणजे मारियेच्या स्तुतिगीताची, चाल लावून बघितली, ‘पा’पर्यंत आले.

ओरोसला स्पीच थेरपीवाले कुठल्या वारी बसतात, कुणाला माहीत असेल तर लिहा. शनिवार-रविवार सोडून. तेव्हा पर्यटक असतात, मला निघता येत नाही.