मदत हवी: रिस्ट ड्रॉपसाठी मॅग्नेटचं मशीन घ्यावं का? दंडात प्लेट आहे

मंडळी, आईच्या हातासाठी सल्ला हवाय. फिजिओ, न्यूरो किंवा ऑर्थोवाले कोणी असतील तर जरूर लिहा.

आई (वय ६४) होळीच्या सुमारास बाथरूममध्ये पडली आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवली. हाड जुळतंय, पण मनगट उचलत नाही, बोटंही सरळ होत नाहीत (यालाच रिस्ट ड्रॉप म्हणतात). मनगट-बोटं उचलणारी रेडियल नस त्या हाडाला वळसा घालूनच खाली उतरते, त्यामुळे या फ्रॅक्चरमध्ये आठ-नऊ जणांत एखाद्याला असं होतं म्हणे. ऑपरेशनच्या वेळी नस तुटलेली दिसली नाही, म्हणून सर्जन थांबा म्हणाले. नंतरच्या ईएमजीत (स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी) मात्र स्नायूंमध्ये फिब्रिलेशन, म्हणजे नसेपासून सुटलेल्या स्नायूची आपोआप होणारी सूक्ष्म हालचाल, आणि नसेला करंट देऊन रिस्पॉन्स शून्य.

आता एका क्लिनिकने मॅग्नेटिक स्टिम्युलेशनचं पॅकेज सुचवलंय. सुई नाही, पट्ट्या नाहीत, बाहीवरूनच कॉइल धरायची. पैसे मात्र आगाऊ.

मी सातपूरला ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे मशीन कसं चालतं ते कळतं. कपॅसिटर दोन-तीन हजार व्होल्टला चार्ज करून कॉइलमध्ये सोडायचा. क्षणभर हजारो अँपिअर. चुंबकीय क्षेत्र एक-दोन टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे त्याच्या ताकदीचं एकक) चढून उतरतं आणि त्या बदलाने हातात करंट तयार होतो. म्हणजे नस उडते ती शेवटी करंटनेच. फक्त तो कातडीवरच्या पट्टीतून आत शिरत नाही, म्हणून चटका बसत नाही. इंग्लंडात शेफिल्डला बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे हातापायाच्या नसांवर करून दाखवलं, मेंदूवर त्यानंतर, १९८५ मध्ये. तेव्हा हे थोतांड नाही, एवढं मला मान्य आहे.

पण डेमोत त्यांनी आधी माझ्या हातावर, कोपराच्या जरा खाली बाहेरच्या बाजूला कॉइल धरली. टक्! मनगट आणि बोटं मला न विचारता वर. मग आईच्या हातावर त्याच जागी: नुसतंच टक्. ताकद वाढवली तरी मनगट लोंबतंच. क्लिनिकवाले म्हणाले, "सीटिंग्ज होतील तसं येईल."

नस तिथे चालू असती तर उडायला हवी होती ना? मग हे मशीन नक्की कोणाला जागं करणार?

शिवाय पुढे कॉइल दंडावर, थेट प्लेटवर धरणार आहेत. प्लेट टायटॅनियमची, म्हणून "चालतं". ती चुंबकाला चिकटणार नाही हे खरं, पण धातू आहे म्हटल्यावर एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत आतल्या आत फिरणारा करंट) फिरणारच. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरची टाकी त्यानेही तापते.

प्रतिसाद १ (मी फिजिओ आहे)

ताई, उत्तर डेमोतच मिळालंय. हे मशीन स्नायूला नव्हे, नसेला उडवतं. पल्स जेमतेम पाव मिलिसेकंदाचा. चालू नसेला तेवढा पुरतो; नस सुटलेल्या स्नायूला दहा-वीस, कधी शंभर मिलिसेकंदांचा लागतो. म्हणून तिथे आम्ही जुनं गॅल्व्हॅनिकच (कातडीवरच्या पट्टीतून लांब पल्सचा करंट) देतो, आणि त्यानेही नस लवकर वाढते असा दावा करत नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकते. सहसा आधी परत येतो तो ब्रॅकिओरेडियालिस: अंगठा वर ठेवून कोपर वाकवला की पुढच्या हाताच्या कडेला फुगतो तो. तिथे बोट ठेवून अधूनमधून बघत जा. मनगटाला आधार देणारी स्प्लिंट सोडू नका, दुसऱ्या हाताने मनगट-बोटं पूर्ण सरळ करून घ्या. तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही तर पुन्हा ईएमजी आणि सर्जन. स्नायू वर्ष-दीड वर्ष वाट बघतो, पुढे नस पोचूनही फारसा उपयोग नाही. हा वेळ पॅकेजमध्ये घालवू नका.

प्लेटचं म्हणाल तर एखाद्या पल्सने काही होत नाही. सेकंदाला वीस पल्स मिनिटेच्या मिनिटे चालले की तापण्याची शंका रास्त आहे. धातूबद्दल मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते लेखी मागा. पेसमेकर आहे का आईंना?

धागाकर्ती

पेसमेकर नाही. पल्सची रुंदी विचारली तर ब्रोशर हातात दिलं, त्यात फक्त टेस्ला मोठ्या अक्षरांत. पॅकेज घेत नाही. नाशिक किंवा मुंबईत नसांचं काम करणारे हँड सर्जन माहीत असतील तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि ईएमजी पुन्हा त्याच ठिकाणी करावी की दुसरीकडे, तेही सांगा.